अध्यक्षांचा शर्ट

त्या रविवारी दुपारी अध्यक्ष दुकानात मागच्या दाराने आले. मागच्या दाराने आमच्याकडे दोघंच येत, आत्याची मांजर आणि जाड झालेली गिऱ्हाइकं. त्यामुळे बाबांनी मशीनवरून मान वर न करताच विचारलं, "कुठे?"

"पोटावर," अध्यक्ष म्हणाले.

अध्यक्ष म्हणजे आमच्या गावच्या फुटबॉल संघाच्या समर्थक मंडळाचे अध्यक्ष. पोटापाण्यासाठी ते रंग, खिळे आणि नळाच्या तोट्या विकतात, पण गेली कित्येक वर्षं त्यांना दुसरं काही कुणी म्हणत नाही. त्यांची बायकोसुद्धा "अध्यक्ष, कचरा टाकून या" असंच म्हणते. वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेला संघाचा शर्ट त्यांनी टेबलावर ठेवला आणि तो धुण्यात आटल्याचं सांगितलं. बाबांनी शर्ट उलटा करून बाजूच्या शिवणी बोटांनी चाचपल्या. तो मागच्या वर्षीही धुण्यात आटला होता आणि तेव्हाच बाजूचं सगळं जादा कापड सोडून झालं होतं. आता एकच उपाय होता. पाठ मधोमध उभी कापायची, त्यात तशाच तांबड्या कापडाची पट्टी घालायची आणि पुन्हा जोडायची.

पण पाठीच्या मधोमध नाव होतं. पांढऱ्या जाड कापडाची तीन अक्षरं, टा, च आणि णी. म्हणजे आधी नाव उसवायचं, मग पाठ कापायची, पट्टी घालायची आणि शेवटी नाव परत लावायचं, या खेपेला जरा ऐसपैस.

"बुधवारी सामना आहे, मास्तर," अध्यक्ष म्हणाले. "त्याच्या आत झालं तर बरं. आणि हे आपलं..."

"धुण्यात आटला," बाबा म्हणाले. "कळलं."

कुणाचं माप दुकानाबाहेर न्यायचं नाही, हा बाबांचा एकमेव कडक नियम होता. गावात कुणाचा डावा खांदा खाली आहे, कोण टेप लावताना श्वास धरून ठेवतं, कोणाच्या कोटाला आतून कापूस भरावा लागतो, हे त्यांना सगळं ठाऊक होतं आणि त्यांच्या तोंडून ते कधीच बाहेर आलं नाही. मलाही लहानपणापासून हीच ताकीद होती. बाकीच्या बाबतीत मी काही फार आज्ञाधारक मुलगी नव्हते. या एका बाबतीत होते, आणि त्यामुळेच पुढचा सगळा घोटाळा झाला.

अध्यक्ष आले तसेच मागच्या दाराने गेले. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर पुस्तक उघडून बसले होते. शनिवार-रविवार घरी यायचं, शनिवारी सामना असला तर बाबांबरोबर मैदानावर जायचं आणि रविवारी दुपारच्या बसने परतायचं, असा माझा क्रम होता. बाबांनी हातातलं काम बाजूला सारून अध्यक्षांचा शर्ट मांडीवर घेतला. चष्मा कपाळावरून नाकावर आणला. उसवणीने ते टाके असे कापत, की कापडाला पत्ता लागत नसे.

"टाचणी जाणार म्हणतात," मी म्हणाले.

"म्हणू देत."

"पण खरंच जाईल का?"

"टाचण्या कायमच्या नसतात," बाबा म्हणाले. "टाका पडेपर्यंत कापड धरून ठेवायचं, एवढंच त्यांचं काम."

टाचणी हे नाव त्यांनीच ठेवलेलं. पोरगा शाळेत असताना पहिल्यांदा मैदानात उतरला तेव्हा पाठीमागे कुणीतरी हसून म्हणालं होतं, हे काडीपैलवान कुठून आणलं. बाबा म्हणाले, टाचणी आहे ती, दिसत नाही, पण बसलं की कळतं. समोरच्या संघाचा बचाव त्या दिवशी तीनदा तिच्यावर बसला आणि संध्याकाळपर्यंत नाव गावभर झालं. आमच्या खेळाडूंची खरी नावं त्यांच्या आयांनाच माहीत. शर्टावर असतं ते हेच.

आमच्या गावात मोठा कारखाना नाही. खेळाडू घडवून बाहेर पाठवणं हाच काय तो उद्योग, आणि त्यात गावाला मिळतं काय, तर मनस्ताप. मी शाळेत होते तेव्हा पहिल्यांदा गेला तो भिंत, आमचा गोलकीपर. त्या मोसमात आमच्या जाळ्यात कोणीही यावं आणि गोल टाकून जावं असं झालं. मग तोफ गेला. तोफेला चेंडू पुरवणारा मुनीम त्याच्यामागोमाग गेला, कारण नव्या माणसाशी त्याचा हिशेब जमेना. शेवटी या तिघांना शिकवणारे प्रशिक्षक आपल्या पोरांना भेटायला म्हणून गेले आणि तिकडेच राहिले. सगळे एकाच ठिकाणी गेले, मोठ्या शहराच्या संघात. ते लोक दर एक-दोन वर्षांनी येतात, आमच्या झाडाखाली उभे राहतात आणि जे पिकलं असेल ते घेऊन जातात. पाणी घालायचं काम आमच्याकडे.

कुणी गेलं की गावाचं वागणं ठरलेलं असतं. आधी कुणाचा विश्वास बसत नाही. मग सगळे कळवळतात. मग हळूच कोणीतरी म्हणतं, तसा काही तो एवढा थोर नव्हता, डाव्या पायाने तर कामातूनच गेलेला. आणि एकदा का हे म्हटलं गेलं की दुसऱ्या सकाळी आमच्या दुकानासमोर शर्टांची रांग लागते. जुनं नाव काढा, मास्तर, नवं लावा. त्यामुळे आमच्या गावात नाव उसवण्याचा एकच अर्थ आहे. दुसरा कुणाला सुचणारही नाही.

गेलेला खेळाडू पुढे कधी समोरच्या संघातून आमच्या मैदानावर आला तर आणखी एक रीत आहे. त्याच्या पायाशी पहिल्यांदा चेंडू आला, की समर्थक बसतात तो आमचा सगळा कट्टा उठून त्याच्याकडे पाठ करतो. हजारभर पाठी, आणि त्यांवर हजारभर नवी नावं. बाबाही उठत. पण ते पाठ फिरवताना थांबत नसत, तसेच पुढे वळून पुन्हा मैदानाकडे तोंड करून बसत. तोफ पहिल्यांदा आला तेव्हा शेजारच्या न्हाव्याने त्यांना चिडून विचारलं, की मास्तर, ही काय पद्धत झाली. बाबा म्हणाले, फिरलो ना, मग झालं तर.

मलाही लायब्ररीत नोकरी लागली ती त्याच मोठ्या शहरात. जाण्याच्या आदल्या आठवड्यात न्हाव्याने दुकानाच्या दारातून हाक मारून म्हटलं होतं, "काय मास्तर, तुमचा पण सेंटर फॉरवर्ड चालला की." बाबा म्हणाले, "सुरुवातीला बाकावर बसवतील. मग खेळवतील." पुढे कित्येक महिने फोन केला की त्यांचा पहिला प्रश्न तोच असे, खेळवतात का? मी हो म्हणायची. खरं तर मी पुस्तकांच्या पाठीवर नंबर चिकटवत होते, पण हेही आमच्या घरच्याच धंद्याला धरून होतं.

त्या रविवारी मी निघाले तेव्हा णी निघाला होता आणि च अर्धा सुटला होता. बाबा उठले नाहीत. काम मांडीवर असलं की ते उठत नसत.

"पोचलीस की कळव," ते म्हणाले.

पोचल्यावर मी फोन केला. आत्याने उचलला. आत्या कधी दुकानातला फोन उचलत नाही.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. आई गेल्यापासून ती आमच्याकडेच आहे, आणि सांत्वनाला कुणी आलं की तिच्या चेहऱ्यावर वीज कंपनीचा माणूस आल्यासारखे भाव येतात. तिने मला एवढंच सांगितलं की बाबा मशीनवर डोकं टेकून बसलेले दिसले, तिला वाटलं डुलकी लागली, म्हणून तिने आधी दिवा मालवला. दिवा मालवल्यावर ते काही बोलले नाहीत तेव्हा तिला कळलं. कारण काम चालू असताना दिवा मालवलेला ते कधी खपवून घेत नसत.

तिने न्हाव्याला हाक मारली, न्हाव्याने डॉक्टरांना आणलं. डॉक्टर म्हणाले, हृदय, तासभर तरी झाला असेल, कळलंही नसेल त्यांना. ते हात धूत होते तेव्हा दुकानातला रेडिओ, जो बाबांनी लावलेला तसाच चालू होता, बातम्या द्यायला लागला. टाचणी मोठ्या शहराच्या संघात जाणार. आत्याने रेडिओ बंद केला. न्हावी तिथे उभा होता. त्याने आधी बाबांना पाहिलं, मग डॉक्टरांचं ऐकलं आणि त्यानंतर बातमी ऐकली, याच क्रमाने. पण त्याने बाबांच्या मांडीवरचा शर्टही पाहिला होता. दोन अक्षरं उसवलेली, एक तसंच. कानांनी ऐकलेला क्रम त्या शर्टापुढे टिकला नाही.

मी सकाळी घरी पोचले तेव्हा गाव दुःखात बुडालेलं होतं. रस्त्यात माणसं घोळक्याने उभी होती, दुकानं अर्धी उघडी होती, बसथांब्यावरच्या बाईंनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या की आता डावीकडून पळणार कोण. मग त्यांना बहुधा आठवलं, कारण हात सोडताना त्या म्हणाल्या, "आणि मास्तरही."

हे "आणि मास्तरही" मी पुढे बरंच ऐकलं. लोक यायचे, खुर्चीच्या कडेला बसायचे, बाबांच्या टेबलाकडे बघून उसासा टाकायचे. मग बोलता बोलता गाडी टाचणीवर जायची आणि तिथे गेली की त्यांना खरंखुरं रडू यायचं. मी पाणी आणून द्यायची. एका निवृत्त मास्तरीणबाईंचं तर मीच सांत्वन केलं. म्हटलं, तरुण आहे तो, तिकडे त्याचं भलं होईल. त्या म्हणाल्या, तुझं काळीज मोठं आहे ग बाई.

पहिल्या दिवशी सगळ्यांचं म्हणणं असं होतं, की मास्तर सुटले, त्यांना हा दिवस बघावा लागला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच खुर्च्यांवर बसून तीच माणसं म्हणू लागली, की मास्तरांना हा दिवस बघवला नाही. या दोन वाक्यांच्या मध्ये काय घडलं ते सांगायला नको. न्हाव्याच्या खुर्चीत बसून गेलेल्या प्रत्येकाने शर्टाची हकीकत ऐकली होती. बातमी आली, मास्तरांनी शर्ट घेतला, नाव उसवायला बसले, दोन अक्षरं निघाली, तिसरं निघेना. तिसरं निघेना हा न्हाव्याचा स्वतःचा टाका होता, आणि मला मानावं लागेल की तो चांगला बसला होता. तो शर्ट कोणाचा, हा प्रश्न कोणालाच पडला नाही. पाठीवरचं नाव जिथे एवढं मोठं, तिथे आत घालणाऱ्याकडे कोण बघतो?

आत्याने तो शर्ट घडी करून कपाटात ठेवला होता. अध्यक्ष दोन्ही दिवस येऊन गेले, पुढच्या दाराने, पण त्यांनी शर्ट मागितला नाही. ते माझ्याकडे न बघता बसायचे आणि मास्तर, मास्तर म्हणत मान हलवायचे. ते खरंच दुःखी होते. तीस वर्षं बाबांच्या शेजारी बसून त्यांनी सामने पाहिले होते. पण ते दर वेळी उठून निघाले की मला वाटायचं, माणूस एकाच वेळी दुःखी आणि निर्धास्त असू शकतो.

बुधवारी मैदानाच्या कुंपणावर मोठा फलक लागला. मास्तर, आम्ही विसरणार नाही. आणि त्याखाली, टाचणी, तूही विसरू नकोस. रंग अध्यक्षांच्या दुकानातला होता, उत्तम प्रतीचा. सामन्याआधी सगळे बाबांसाठी शांत उभे राहिले. मला पुढे बोलावलं, माझ्या हातात फुलं दिली. टाचणीला त्या दिवशी खेळवलं नव्हतं. तो राखीव खेळाडूंच्या बाकावर कडेला बसला होता. शांतता संपल्यावर कोणीतरी पहिल्यांदा त्याच्याकडे पाठ केली. मग सगळ्यांनी केली. तो अजून आमचाच होता, अंगात आमचाच तांबडा शर्ट होता, आणि त्याच्याकडे सबंध कट्ट्याची पाठ होती. अध्यक्षांनी एवढ्या उकाड्यात वरपर्यंत बटणं लावलेलं जाकीट घातलं होतं. त्यांची पाठ कोरी दिसत होती.

मी फुलं घेऊन मधल्या मध्ये उभी होते. कोणत्या बाजूला वळावं ते मला कळेना, म्हणून मी फुलांकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अध्यक्ष आणि न्हावी आमच्या बाहेरच्या खोलीत येऊन बसले. या खेपेला त्यांना काहीतरी हवं आहे हे मला त्यांच्या बसण्यावरून कळलं. सांत्वनाला आलेला माणूस खुर्चीच्या कडेला बसतो आणि कामाला आलेला टेकून. न्हाव्याने सुरुवात केली. टाचणीने अजून सही केलेली नाही, असं त्याला आतून कळलं होतं. उद्या संध्याकाळपर्यंत त्याला नाही म्हणता येतं. पोरगा पार खचलाय, रडतोय, जेवत नाही, आपल्यामुळे मास्तर गेले असं त्याच्या मनाने घेतलंय.

"मग त्याला सांगा की तसं नाही," मी म्हणाले.

"सांगू की," न्हावी म्हणाला. "पण कसं सांगायचं, ते महत्त्वाचं."

मग अध्यक्ष पुढे सरकले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं. गाव सांगून तो ऐकणार नाही, मंडळ सांगून ऐकणार नाही. पण मास्तरांच्या मुलीने सांगितलं, की बाबांची शेवटची इच्छा होती तू जाऊ नयेस, तर तो राहील. त्याच्या मनावरचं ओझंही उतरेल, कारण राहिला की सगळं फिटलं. संघ वाचेल. मास्तरांचं नाव गाव कायमचं लक्षात ठेवेल, कट्ट्याला त्यांचं नाव द्यायचं मंडळाने जवळजवळ ठरवलंच आहे.

"एवढंच म्हणायचं," अध्यक्ष म्हणाले. "बाबांची इच्छा होती. बस. एक वाक्य."

खोटं सांगणार नाही, मला मोह झाला. कट्ट्याच्या नावाचा नव्हे. मीसुद्धा त्याच कट्ट्यावर वाढले आहे. टाचणी डावीकडून निघाला की माझेही पाय खुर्चीखाली आपोआप हलतात. भिंत गेला तेव्हा मी दोन दिवस शाळेत गेले नव्हते. आणि आता दर आठवड्याला घरी येण्याचं एक कारण संपलेलं असताना, दुसरं तरी राहावं असं मला वाटत होतं. एक वाक्य. ते बाबांच्या तोंडी घालायचं आणि बाबा काही नाकारायला येणार नव्हते.

मी काही बोलायच्या आत मागचं दार वाजलं. आत्या स्वयंपाकघरात होती, तिने उघडलं. तिचा आवाज आला, "ये. चपला तिथेच काढ. नाही, मांजराला घाबरू नकोस, ते तुझ्याहून भित्रं आहे."

टाचणी आत आला. टोपी डोळ्यांवर ओढलेली, जवळून पाहिला तर अजूनच काटकुळा. बाहेरच्या खोलीत अध्यक्ष आणि न्हावी बसलेले पाहून तो दारातच थबकला. न्हाव्याने मला डोळ्यांनी खूण केली, की हीच वेळ.

"ताई," टाचणी म्हणाला, आणि पुढे काय म्हणायचं ते विसरला. मी त्याला एका खुर्चीवर बसवलं. तो जमिनीकडे बघत होता. मग त्याने जे विचारलं त्यासाठी आमच्यापैकी कोणाचीच तयारी नव्हती. "माझा कोट झाला होता का?"

"कसला कोट?" अध्यक्षांनी विचारलं.

सहीच्या दिवसाचा कोट. फोटो काढतात ना, त्यासाठी. तो अडखळत सगळं सांगू लागला. महिन्याभरापूर्वी मोठ्या शहराचे लोक त्याच्या घरी येऊन गेले, तेव्हा त्याने पहिल्यांदा मास्तरांना सांगितलं होतं, आईच्याही आधी. मास्तरांनी ऐकून घेतलं, टेप काढला आणि त्याला हात वर करायला सांगितलं. तिकडचे लोक आधी कपडे बघतात, मग खेळ, असं म्हणाले. आणि म्हणाले, कुणाला बोलू नकोस, मीही बोलणार नाही.

"आणि काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, जा. इथले लोक चार दिवस रडतील आणि पाचव्या दिवशी माझ्याकडे रांग लावतील. माझ्या धंद्याचा तरी विचार कर." हे सांगताना तो हसला आणि मग त्याला हसल्याचं वाईट वाटलं.

मी दुकानात गेले. दांडीवर कागदाच्या पिशव्या घातलेले कपडे लटकत होते, त्यांत शेवटून दुसरा. गडद निळा कोट, खांदे एवढे अरुंद की दुसऱ्या कुणाचा असणंच शक्य नव्हतं. उजवी बाही लागलेली, डावी नुसती कच्च्या धाग्याने धरून ठेवलेली. रविवारी सकाळी बाबा तेच करत असणार. मग दुपारी मागच्या दाराने तातडीचं काम आलं.

मी कोट बाहेर आणून टेबलावर ठेवला. अध्यक्षांनी त्या लोंबणाऱ्या बाहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मला दिसलं की त्यांना क्रम कळला आहे. त्यांच्या कपाळावर घाम आला. मी आता काय बोलते याची ते वाट बघत होते.

कपाटातून मी तो शर्टही काढला, घडी न मोडता वर्तमानपत्रात गुंडाळला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. "काका, हा तुमचा राहिलाय."

"यांचा?" न्हावी म्हणाला. "हा यांचा? मग मास्तरांनी उसवायला का घेतला होता?"

"धुण्यात आटला होता," मी म्हणाले.

न्हावी शर्टाकडे बघत राहिला. मग अध्यक्षांच्या जाकिटाच्या ताणलेल्या बटणांकडे. त्याने आयुष्यभर लोकांची डोकी पाहिली आहेत, त्याला वेळ लागत नाही. एवढी सुंदर हकीकत, आणि तिचा शेवट असा.

पण अध्यक्ष उगाच अध्यक्ष झालेले नाहीत. त्यांनी शर्ट छातीशी धरला, घसा साफ केला आणि हळू आवाजात, ज्यात या खेपेला मंडळ बिलकुल नव्हतं, ते म्हणाले, "तोंडाने म्हणालेच असतील ते जा. मास्तर सगळ्यांना जाच म्हणायचे. पण मनातून? पोरी, तू मुलगी आहेस त्यांची. मी तीस वर्षं शेजारी बसलोय. तोफ गेला तेव्हा तो माणूस आठवडाभर माझ्याशी बोलला नव्हता. मनातून त्यांना काय वाटत होतं, ते सांग."

एवढ्या दिवसांत मला कोणी विचारलेला हा पहिला खरा प्रश्न होता, आणि तो विचारला होता ज्यांच्या पोटापायी हे सगळं घडलं त्यांनी. मी गेले तेव्हा बाबा किती दिवस बोलले नव्हते, हेही कदाचित त्यांना माहीत असेल. मी विचारलं नाही.

"मनातलं मला माहीत नाही, काका," मी म्हणाले. "त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ते मी याला सांगू शकत नाही."

मग मी टाचणीकडे वळले. "तू राहावंस असं मला वाटतं. हे माझं आहे, बाबांचं नाही. मला वाटतं म्हणून राहू नकोस. तुझ्यामुळे बाबा गेले नाहीत. ते तुझा कोट शिवत होते. आता मला एक सांग, तुला जायचंय का?"

त्याने आधी अध्यक्षांकडे पाहिलं, मग न्हाव्याकडे. बहुतेक त्यालाही हे आजवर कोणी विचारलं नसावं. आई म्हणाली असेल जा, गाव म्हणालं राहा, मास्तर म्हणाले जा.

"हो, ताई," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले. "फार जायचंय."

"मग जा. बाही उद्या दुपारपर्यंत लावून देते. बाबांसारखी होणार नाही, फोटोत उजवी बाजू पुढे करून उभा राहा."

न्हाव्याने खाली बघून नाक पुसलं. अध्यक्ष उठले, टाचणीच्या खांद्यावर हात ठेवावा की नाही याचा विचार करत क्षणभर थांबले, मग त्यांनी ठेवला. शर्टाचं पुडकं काखेत मारून ते मागच्या दाराकडे निघाले. सवय.

आत्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली होती. तिच्या हातात ओलं फडकं होतं. ती माझ्याकडे बघत होती, आणि मला कळलं की ती बराच वेळ तिथे आहे.

"आणि तू ग?" ती म्हणाली. "तू निघालीस तेव्हा, या पोराला आता विचारलंस ते तुला विचारलं होतं का कुणी? दादाने बॅग शिवली, गावभर सांगून आला, तू बरं म्हणालीस. मला तेव्हापासून विचारायचंय. तुला जायचं होतं का?"

टाचणी कोटाच्या सुट्या बाहीवरून बोट फिरवत होता. अध्यक्ष दारात थांबले होते. दुकानाच्या उघड्या दारातून दिसणारी बाबांची खुर्ची मशीनसमोर, थोडी तिरकी, ते उठले असते तर जशी राहिली असती तशीच होती. मी तिच्याकडे बघून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"नाही. मला जायचं नव्हतं."